बाळकाकांचा शब्द

हल्ली मला पुष्कळ गोष्टींचा विसर पडतो. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला की नाही, शेजारच्या नव्या सुनेचं नाव काय, काही म्हणता काही आठवत नाही. पण बाळकाकांनी रामकुंडावर उभं राहून जो शब्द उच्चारला तो, आणि तो ऐकताना दादांचं झालेलं तोंड, ही जोडी मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझं घर गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदेपासून, हाकेच्या अंतरावर होतं आणि तरी माझं काही तिला मिळालं नाही. दादांनी भावाला क्षमा केली, आईने केली, मी केली नाही. हे लिहायला बसले तेही ती करण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

आमचे दादा म्हणजे माझे वडील. पंचवटीतले यात्रेकरूंचे उपाध्ये. खालच्या खोल्यांत यजमान उतरायचे, वर आम्ही राहायचो. यजमान म्हणजे खानदेशातून, गुजरातेतून आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन पिंडदानाला येणारी मंडळी. त्यामुळे आमच्या घरात पहाटेपासून तांब्या-घागरींचा खणखणाट, जिन्यावर अनवाणी पावलं, कुणाचं तरी दबकं रडणं आणि त्याच वेळी मागच्या चुलीवर भाताचं रटरटणं, हे सगळं एकदमच चालायचं. रडणाऱ्या माणसालाही भूक लागते हे मला फार लहानपणी कळलं. आई त्यांच्यासाठी वरण-भात, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी करायची, आणि श्राद्धाचा स्वयंपाक असला की उडदाचे वडे आणि खीर. त्या वड्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. शाळेतून येताना नाकाला तो लागला की मी ओळखायची, आज कुणाचा तरी बाप जेवणार. मला त्यात विचित्र असं कधी काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाला जेवायला घालणं हा आमच्या घरचा धंदा होता, आणि दादा तो मन लावून करत. परक्याच्या आजीचं नाव घेतानासुद्धा त्यांचा आवाज हलका व्हायचा.

बाळकाका दादांचे धाकटे भाऊ. दादांनी भिक्षुकी करून त्यांना शिकवलं, ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि कॉलेज रोडला बंगला बांधून राहिले. बंगल्याच्या दारावर पितळी पाटी होती. वर नाव, खाली पदव्या आणि त्याच्याही खाली एकच शब्द, फिलहेलीन. पाहुणा आत येण्याआधी दारातच त्याला त्या शब्दाचा अर्थ ऐकावा लागे. फिल म्हणजे प्रेम, हेलीन म्हणजे ग्रीक, ग्रीकांच्या संस्कृतीवर जीव टाकणारा तो फिलहेलीन. एकदा दूधवाल्यालाही त्यांनी हा पाठ दिला. तो बिचारा किटली खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे सायेब, तुम्ही मूळचे तिकडचे हाय का?" काकू हसली म्हणून तिच्याशी त्यांनी दिवसभर अबोला धरला. हॉलमध्ये कुठल्याशा ग्रीक देवाचं प्लास्टरचं डोकं होतं. त्याच्यावरची धूळ काका स्वतःच्या हाताने, मऊ फडक्याने पुसायचे. ग्रीस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं सगळं प्रेम इंग्रजी पुस्तकांतून आलेलं.

प्रेम करावं, माझी काही हरकत नव्हती. पण ह्या गृहस्थाला एकावर प्रेम करायचं तर दुसऱ्यावर थुंकल्याशिवाय जमत नसे. दर रविवारी ते आईच्या हातचं जेवायला आमच्याकडे यायचे आणि तोंडात घास असतानाच सुरू व्हायचे. आपल्याकडे विचार नाही, मूर्ती नाहीत, नाटक नाही, जे काही बरं आहे ते ग्रीकांनी शिकवलं. दादा, तुम्ही अजून भाताचे गोळे वळत बसला आहात. दादा नुसते हसायचे आणि आईला म्हणायचे, बाळला आणखी एक वडा वाढ. मला त्या हसण्याचा संताप यायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मी पुस्तकात वाचला नाही, पाटावर बसलेला पाहिला.

मग आजी गेली. दोघांची आई. दहाव्या दिवशी आम्ही सगळे रामकुंडावर गेलो. विधी दुसरे एक गुरुजी सांगत होते, कारण त्या दिवशी दादा उपाध्ये नव्हते, नुसते मुलगा होते. केस उतरवलेले, ओला पंचा नेसलेले दादा मला एकदम छोटे दिसले. पिंड ठेवला, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले. नाशिकचे कावळे हावरट, एरवी पिंड ठेवायच्या आत चोच मारतात. त्या दिवशी भिंतीवर ओळीने बसले आणि एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याच्या जिवाला काहीतरी लागून राहिलं असं समजतात, आणि मग एकेक जण मोठ्याने कबुली देतो, तुमचं हे करू, ते सांभाळू. आत्याने सांगितलं, तुझी तुळस मी नेईन. दादा म्हणाले, कुंदाला, म्हणजे मला, शिकवीन. कावळे हलले नाहीत. शेवटी आत्या बाळकाकांकडे वळली. काका लांब, बूट-पँट घालून उभे होते. आजीचा जीव त्यांच्यात होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आत्या म्हणाली, बाळ, तू नुसता पुढे ये आणि हात जोड.

काकांनी चष्मा पुसला आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मी फिलहेलीन आहे. कावळ्यापुढे हात जोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी मी सोडून दिलं असतं. पण तिथे जमलेल्यांत दोघा-तिघांना शब्द कळला नाही, तर हे गृहस्थ आईच्या पिंडासमोर उभं राहून त्याचा अर्थ समजावून सांगू लागले. फिल म्हणजे प्रेम, हेलीन म्हणजे ग्रीक. वर पुन्हा हसून म्हणाले, दादांच्या कावळ्यालाही कळलेलं दिसत नाही. ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी खाली मान घालून दर्भ घेतला, त्याचा कावळा वळला आणि दादांच्या हातात दिला. खरा कावळा येतच नाही तेव्हा गवताचा कावळा पिंडाला लावतात. ती शेवटची सोय. दादांनी आयुष्यात शेकडो लोकांच्या हातात तसा कावळा दिला असेल आणि प्रत्येकाला धीर दिला असेल, काही नाही हो, पोचलं. स्वतःच्या आईच्या पिंडाला तो त्यांनी दोनदा लावला, पहिल्यांदा लागल्याची खात्री नसल्यासारखा. घरी येऊन ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. कितीतरी दिवस कुणाच्या पिंडाला दर्भाचा कावळा करायची वेळ आली की ते दुसऱ्या गुरुजींना पुढे करायचे.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. देवापुढे वगैरे मी शपथ घेतली नाही. फक्त एवढं ठरवलं की काकांना ज्या शब्दाचा माज आहे त्याच शब्दाने त्यांची खोड मोडायची, आणि तीही चारचौघांत. त्यासाठी मी वाचनालयात जाऊन बसू लागले. ग्रीकांवरचं मिळेल ते मराठी वाचलं, मराठी संपलं तेव्हा डिक्शनरी घेऊन इंग्रजी वाचलं. लोक म्हणतात मला विद्येची ओढ होती. कसली ओढ! डूख होता. माझं सगळं इंग्रजी त्या डुखावर पोसलेलं आहे, आणि पुढे त्याच इंग्रजीवर मी जन्मभर नोकरी केली.

त्या वाचनात मला आमच्या पांडवलेण्यांची माहिती मिळाली. काका प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यायचे आणि एका लेण्याच्या ओसरीवर उभं करून भिंतीवरच्या लेखाकडे बोट दाखवायचे. हे लेणं एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने कोरवलं, बघा, आपल्या डोंगरालासुद्धा त्यांचा हात लागला. तिथे त्यांचं व्याख्यान संपायचं. लेखात पुढे काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण यवन हा शब्द सापडला की त्यांचं काम भागत होतं. मी पुढचं वाचलं. उत्तरेकडून आलेल्या त्या यवनाने ते लेणं आपल्या आईवडिलांसाठी कोरवलं होतं, मुलाला बरोबर घेऊन दान केलं होतं. वाचनालयाच्या बाकावर मला हसू फुटलं, तसं समोरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघितलं.

आणि देवाने, किंवा काकांच्या लाडक्या देवाने म्हणा, पाहुणाच पाठवला. काकांच्या कॉलेजात एक ग्रीक अभ्यासक लेणी बघायला येणार असं ठरलं. नाव स्टाव्रोस, आडनाव मला आजही नीट म्हणता येत नाही. काका नवरदेवासारखे कपडे शिवून घेऊ लागले. खराखुरा ग्रीक! मी पंचांग काढलं. पाहुणा नाशकात असतानाच आजीच्या वर्षश्राद्धाची तिथी येत होती. काकांनी आईला बजावून ठेवलं होतं, वहिनी, पाहुण्याला घरी आणणार नाही, तुम्ही फक्त लेण्यावर खायला दशम्या आणि चटणी द्या. आमचं घर, दादांचं सोवळं, गच्चीवरचे कावळे, हे सगळं त्यांना पाहुण्यापासून लपवायचं होतं. डबा उचलायला मी जाते असं मी आईला म्हटलं. आठवडाभर मी इंग्रजीतली मोजकी वाक्यं न्हाणीघरात पाठ करत होते.

स्टाव्रोस म्हातारा होता, जाड भुवया, हातात टोपी. पायऱ्या चढताना दर वळणावर थांबून श्वास घ्यायचा आणि मला विचारायचा, डबा जड आहे का. मला तो आवडला, हे मला जरा गैरसोयीचं झालं. लेण्यात काकांनी आपलं व्याख्यान दिलं, यवन शब्दावर बोट ठेवलं. पाहुण्याने विचारलं, आणि पुढे काय लिहिलं आहे? काका म्हणाले, नेहमीचंच, दान वगैरे. मग मी पुढे झाले आणि पाठ केलेलं बोलले, की त्याने हे आपल्या आईसाठी आणि वडिलांसाठी केलं. काका मराठीत पुटपुटले, कुंदे, गप्प बस. पाहुण्याने डोक्यावर पुन्हा घातलेली टोपी काढली. मग मला म्हणाला, तुमच्यात अजून असं करतात का, आईवडिलांसाठी? ह्याच प्रश्नाची मी वाट बघत होते. मी म्हटलं, उद्या आमच्या घरी आहे. माझ्या आजीचं. आणि काकांकडे बोट करून म्हटलं, ह्यांच्या आईचं.

काकांनी दहा सबबी सांगितल्या. घर लहान आहे, रस्ता वाईट आहे, धार्मिक मामला आहे. पाहुणा एकच म्हणाला, ज्याची आई आहे त्याच्या घरी मला जायला आवडेल. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात बूट काढून, न सांगता पाय धुऊन आत आला आणि भिंतीशी मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. दादांनी आधी घाबरून माझ्याकडे बघितलं, मग नमस्कार करून आपल्या कामाला लागले. दादा भाताचे पिंड वळत होते, पाहुणा पुढे सरकून बघत होता आणि बोलत होता, आणि दादा विचारत होते, काय म्हणतात पाहुणे? काकांनी भाषांतर केलं, "म्हणतात, मजेशीर आहे."

"नाही दादा," मी म्हटलं. "ते म्हणतात, त्यांच्याकडेही असंच करतात. गहू शिजवून, त्यात साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून मेलेल्या माणसाच्या नावाने देवळात नेतात आणि मूठ मूठ सगळ्यांना वाटतात. त्यांच्या आईचे गहू त्यांनी स्वतः शिजवले होते."

दादांचे हात थांबले. डाळिंबाचे दाणे? त्यांनी मला पुन्हा विचारलं. मग पाहुण्याकडे बघून म्हणाले, चांगलं लागत असेल. इतक्या दिवसांनी मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून आईने विचारलं, गहू अख्खे की भरडून? आणि ते मला भाषांतर करून विचारावं लागलं. अख्खे, पाहुणा म्हणाला.

कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं. सगळे वर आलो. पाहुणा म्हणाला, त्यांच्याकडे जुन्या काळी पक्ष्यांवरूनच देवाच्या मनातलं ओळखत असत, तुमच्याकडे ते अजून जिवंत आहे म्हणायचं. हेही मीच दादांना सांगितलं, काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग पाहुण्याने हात जोडले आणि काकांकडे बघून बाजूला सरला. तुम्ही मुलगा आहात, म्हणाला, आधी तुम्ही. काका हलेनात. तो बाजूला सरून, टोपी छातीशी धरून, उभाच राहिला. त्याला वाटलं काकांना रडू येतंय म्हणून ते थांबलेत. दादांनी खाली जाऊन आपलं दुसरं धोतर आणि खुंटीवरचं जानवं आणलं. सगळ्यांच्या देखत काकांनी शर्ट काढला. त्यांची ती पांढरीफटक पाठ, त्यावर दादांनी घातलेलं ते जानवं, आणि ती पाठ हळूहळू वाकली, कपाळ गच्चीच्या फरशीला लागलं. कावळा लगेच आला. कावळ्याला मी काही श्रेय देत नाही, समोर आईच्या हातचे वडे होते. मी त्याच्याकडे बघतही नव्हते. मी पाठ बघत होते. ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे आणि वाईट दिवस असला की मी ती आठवते.

जेवताना काकांनी सावरायचा प्रयत्न केला. पाहुण्याला म्हणाले, मी तसा फिलहेलीन आहे. पाहुणा हसला, वाईट नाही, खरंच प्रेमाने. म्हणाला, तो शब्द आमच्याकडे परक्या लोकांना दिलेला आहे, जे दुसऱ्या देशांतून येऊन आमच्या स्वातंत्र्याच्या लढाईत आमच्यासाठी लढले आणि मेले. आमच्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पूर्वी काही परके राजे आपल्या नाण्यांवर स्वतःच तो शब्द छापून घ्यायचे, पण ते राजे होते, त्यांना प्रजा खूश ठेवायची होती. साध्या माणसाने तो स्वतःला लावायचा नसतो, तो दुसऱ्याने द्यावा लागतो. मी शब्दन् शब्द मराठीत केला. दादा खीर वाढून घेत होते, ते अगदी निर्मळपणाने म्हणाले, "म्हणजे आपल्या हुतात्म्यासारखं. कुणी स्वतःला म्हणवून नाही घेत." त्यानंतर मी कॉलेज रोडला गेले तेव्हा पाटीवरचा तो शब्द खरवडून काढलेला होता, त्या जागी पितळ जास्त चकाकत होतं.

पाहुणा गेल्यावर दादांनी मला गच्चीवर बोलावलं. हे तू घडवून आणलंस? मी हो म्हटलं. आजीसाठी की बाळवरचा डूख म्हणून? मी म्हटलं, डूख म्हणून. दादा खूप वेळ कठड्यावर सांडलेला भात गोळा करत राहिले. मग म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण आता सोड. आईचं पोचलं, माझं भागलं." त्यांचं भागलं. पुढच्या रविवारपासून काका पुन्हा जेवायला येऊ लागले आणि दादा पुन्हा म्हणू लागले, बाळला आणखी एक वडा वाढ. काकांनी दादांची माफी कधी मागितली नाही. दादा गेले तेव्हाही नाही.

बाळकाका फार जगले. काकू गेली, मूलबाळ नव्हतं, बंगला बिल्डरला देऊन त्याच जागेवरच्या फ्लॅटमध्ये राहिले. जवळचं असं माणूस म्हणून उरले मी. डबा नेत होते, औषधं देत होते, त्यात कसूर केली नाही. देवाच्या प्लास्टरच्या डोक्याचं नाक कधीच उडालं होतं, ते फ्रिजवर ठेवलं होतं. एका दुपारी काका म्हणाले, कुंदा, माझं दहावं करशील ना? कावळ्यापुढे हात न जोडणारा माणूस विचारत होता. मी म्हटलं, करीन. मग पांघरुणाची दशी चिवडत म्हणाले, "अजून एक आहे. तो शब्द. तो ग्रीक पाहुणा म्हणाला होता, दुसऱ्याने द्यावा लागतो. तू हे सगळं वाचलंयस. तू दिलास तर चालेल."

मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि विचारलं, वरणावर तूप घालू का.

गेल्या वर्षी ते गेले. हल्ली बायका दहावं करतात, त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. मी रामकुंडावर पिंड ठेवला आणि मागे सरले. कावळे होते. भिंतीवर बसले, माना वाकड्या करून बघितलं आणि खाली येईनात. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, तेही आता म्हातारे. एकाने कबूल केलं, सर, तुमची पुस्तकं जपू. दुसरा म्हणाला, तुमच्या नावाने वाचनालयात कपाट ठेवू. काही उपयोग नाही. ऊन घाटाच्या पायऱ्यांवर चढत चाललं. गुरुजी तरुण होते, दादांच्या एका शिष्याचा नातू. हळूच म्हणाले, मावशी, त्यांचं काही राहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असणार. मोठ्याने बोला. नुसतं बोलायला काय लागतं?

काही लागत नव्हतं. एक शब्द. तो माझ्या जिभेवर होता, फिल म्हणजे प्रेम, हेलीन म्हणजे ग्रीक. त्या पायऱ्या त्याच होत्या, गवताचा कावळा दोनदा लावणारे दादा मला दिसत होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि भिंतीवरचे कावळेही.

"गुरुजी," मी म्हटलं, "दर्भ घ्या. कावळा करा."